दिवसाला दोन चुका

गेल्या महिन्यात भालकीकडचा एक मुलगा हैदराबादला आमच्या घरी उतरला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणे आटोपली तरी त्याचा लॅपटॉप चालूच होता आणि पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर चढत होत्या. "काय चाललंय रे?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "काका, लिनक्सचं कर्नेल कंपाइल करतोय. लॅपटॉप जुना आहे, दोन-अडीच तास जातील." मग जरा ओशाळून म्हणाला, "वर्गातल्या बाकीच्यांचं वीस मिनिटांत होतं."

त्याचे ते ओशाळणे माझ्या चांगल्या ओळखीचे होते. वीस वर्षांपूर्वी याच शहरात मीही असाच बसून होतो.

ज्यांना हे शब्द नवे असतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या सीमाभागातल्या घरांना भाषांतर काही नवे नाही. मराठी आजी आणि शेजारची कानडी अज्जी बोलायला बसल्या की मधे एखादे नातवंड बसते आणि एकेक वाक्य इकडचे तिकडे करते. ही झाली एक पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे पूर्ण पत्रच एकदा नीट भाषांतर करून हातात द्यायचे, म्हणजे नंतर मधल्या माणसाची गरज नाही. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम असा एकदाच, संपूर्ण, यंत्राच्या भाषेत नेणे म्हणजे कंपाइल करणे. आणि कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. मेमरी कोणाला किती, डिस्कवर कुठे काय, कीबोर्डवरून काय आले, हे सगळे तो पाहतो. 2001 साली आलेल्या लिनक्स 2.4 या कर्नेलमध्ये तीस लाखांहून अधिक ओळी होत्या. आपल्याला हवा तेवढाच भाग निवडला तरी शेकडो फायलींचे भाषांतर यंत्राला करावे लागे.

2004 सालची गोष्ट. भालकीहून मी हैदराबादला आलो तो अप्पांनी दिलेल्या सहा महिन्यांच्या बोलीवर. "जूनपर्यंत काही जमलं तर ठीक, नाही तर तुरीच्या पेरणीला परत यायचं," एवढेच ते म्हणाले होते. अमीरपेठेत एका क्लासला नाव घातले आणि ए. एस. राव नगरमध्ये मामांकडे राहिलो. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून एक जुना संगणक घेतला. 233 मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि 32 एमबी मेमरी. त्यावर पूर्ण कर्नेल बांधायला सव्वातीन तास लागत. वर्गातल्या एका मित्राकडे नवा कोरा पेंटियम फोर होता. त्याचे काम चहा पिऊन येईपर्यंत होत असे.

मामा ईसीआयएलमधून निवृत्त झालेले. 1967 साली अणुऊर्जा खात्याखाली हैदराबादेत ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिचे पाळेमुळे आपल्या मुंबईच्या तुर्भ्याचे, आणि ज्यांनी ती उभी केली त्या ए. एस. राव यांचेच नाव मामांच्या वसाहतीला आहे. देशात संगणक बनवून विकण्याची सुरुवात इथल्याच टीडीसी-12 या यंत्राने झाली. पुढे सत्तरच्या दशकात टीडीसी-316 आले. मामा यंत्रांच्या चाचणी विभागात होते. घरी मात्र ते कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. मामींना एवढेच ठाऊक होते, की पूर्वी त्यांच्या खिशातून भोके पाडलेल्या कागदी पट्ट्यांचे तुकडे निघत.

माझे यंत्र कंपाइल करू लागले की मामा खुर्ची ओढून शेजारी बसत. तीन तास दुसरे करायचे काय? त्या तीन तासांत ते बोलू लागले. त्या काळच्या लहान मेमरीच्या यंत्रांना एकच पट्टी दोनदा वाचावी लागे. पहिल्या वाचनात प्रोग्रॅममधली नावे कोणत्या जागी आहेत याची नुसती यादी करायची, दुसऱ्या वाचनात त्या जागा भरायच्या. कारण सुरुवातीच्या ओळीत ज्याचा उल्लेख आहे तो मजकूर पुढे कुठे आहे, हे पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. पट्टी फाटली की चिकटवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मुंबईला टीआयएफआरमध्ये 1964 साली सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, तेव्हा देशभरातले संशोधक आपापले कार्डांचे गठ्ठे तिथे देत आणि निकालाची वाट पाहत. एक स्वल्पविराम चुकला तर गठ्ठा तसाच परत. "म्हणून आधी कागदावर चालवून बघायचं," मामा म्हणत. "यंत्राच्या आधी आपण यंत्र व्हायचं."

मामी कलबुर्गीकडच्या, कानडी. रात्री दुधाला विरजण लावून झाले की त्या दारातून विचारत, "आतेनू?" मी म्हणे, "इन्नू इल्ल, मामी." एकदा मामांनी त्यांना कंपायलर कसा तयार होतो ते विरजणावरून समजावले. कंपायलर हाही एक प्रोग्रॅमच, त्यामुळे नवा कंपायलर बांधायला आधी जुना कंपायलर लागतो. दही लावायला हेप्पू लागते तसे. जीसीसी नावाचा कंपायलर तर स्वतःला तीनदा बांधतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या वेळचा ऐवज तंतोतंत जुळला तरच काम बरोबर झाले असे धरतात. मामी म्हणाल्या, "मग पहिलं हेप्पू कोणाच्या घरचं?" यावर मामा बराच वेळ हसत होते. संगणकशास्त्रात हा प्रश्न खरोखरच मोठा आहे. केन थॉम्प्सन यांनी आपले ट्युरिंग पुरस्काराचे व्याख्यान त्याच्याच आसपास रचले होते.

जूनचा पहिला आठवडा उजाडला. एका लहान कंपनीने मला चाचणी म्हणून काम दिले. एका सिरियल कार्डाचा ड्रायव्हर दुरुस्त करायचा, कर्नेलमध्ये घालायचा आणि शुक्रवारी चालवून दाखवायचा. सोमवारी रात्री कंपाइल लावले. दीडएक तास झाला आणि मृगाचे वारे सुटले, विजा कडाडल्या आणि वीज गेली. मामांकडचा इन्व्हर्टर दिवा आणि पंख्यापुरताच. वीज आली तेव्हा पडद्यावर कसलासा संदेश होता, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा म्हणून. मी दाबले. डिस्कची तपासणी झाली, मी पुन्हा कंपाइल लावले. जिथे थांबले होते तिथून काम पुढे सुरू झाले आणि मला हायसे वाटले.

पहाटे कर्नेल तयार झाले, पण कार्ड चालेना. ड्रायव्हरमधली चूक शोधली, दुरुस्त केली आणि पुन्हा कंपाइल लावले. एकच फाइल बदललेली, म्हणजे पाच-दहा मिनिटांचे काम. पण दीड तास लागला. कार्ड तसेच. वेगळी दुरुस्ती केली, पुन्हा दीड तास, पुन्हा तेच. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी चूक शोधून शोधून थकलो. बुधवारी रात्री मी मामींना म्हणालो, "बॅग भरतो. पेरणीला तरी उपयोगी पडेन." त्यांनी ताट वाढले आणि एवढेच म्हणाल्या, "ताळिदवनु बाळियानु." जो सोसतो तो तरतो.

मामांनी काही उपदेश केला नाही. त्यांनी एक वही काढली आणि विचारले, "काय बदललं, काय होईल असं वाटलं, आणि झालं काय? तिन्ही सांग." मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मग त्यांनी पेन खाली ठेवला. "जे तू बदललं नाहीस त्याचं यंत्र दीड तास पुन्हा पुन्हा भाषांतर करतंय, आणि जे बदललंस त्याला बहुतेक हातच लावत नाही. तारीख बघ."

तारीख पाहिली. यंत्राच्या मते ते 1998 साल होते.

आतल्या घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. वीज गेल्याबरोबर घड्याळ सहा वर्षे मागे गेले होते. एफ-वनचा संदेश तेच सांगत होता आणि मी तो न वाचताच पुढे गेलो होतो. कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची हे ठरवणारा जो 'मेक' नावाचा प्रोग्रॅम आहे, तो फक्त वेळ पाहतो. मूळ फाइल भाषांतरापेक्षा नवी असेल तरच तो ती पुन्हा घेतो. माझ्या ड्रायव्हरचे भाषांतर वीज जाण्याआधीचे, म्हणजे 2004 सालचे. माझी दुरुस्ती मात्र '1998 सालची'. मेकच्या हिशेबी ती जुनीच होती. उलट, वीज आल्यावर ज्या फायलींचे भाषांतर झाले त्यांवर 1998 चा शिक्का बसला, म्हणून त्या दर वेळी शिळ्या ठरून पुन्हा कंपाइल होत होत्या. घड्याळात गडबड आहे असा इशाराही मेकने दिला होता. तो हजार ओळींबरोबर वर निघून गेला आणि मी तेव्हा झोपलेलो होतो.

गुरुवारी वीस-पंचवीस रुपयांची बॅटरी आणली, तारीख लावली, जुने सगळे पुसून पहिल्यापासून सव्वातीन तासांचे कंपाइल लावले. त्या रात्री कोणी झोपले नाही. मामींनी दोनदा चहा केला. पहाटे कार्ड चालले. माझी पहिलीच दुरुस्ती बरोबर होती. शुक्रवारी कंपनीने तुटपुंज्या पगारावर मला घेतले. एसटीडी बूथवरून अप्पांना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं. मग तूर आम्हीच पेरतो."

या गोष्टीवरून कोणी म्हणेल, की मंद यंत्रे चांगली होती, त्यांनी धीर शिकवला. मला तसे वाटत नाही. माणूस चुकत चुकतच शिकतो आणि प्रत्येक चूक कळायला तिचा निकाल यावा लागतो. माझा पेंटियम फोरवाला मित्र दिवसाला दहा चुका करू शकत होता. माझ्या वाट्याला दोन येत. त्याला सहा दिवसांत जे कळे त्याला मला महिना लागे, आणि अप्पांनी दिलेले महिने मोजके होते. यात त्याची हुशारी नव्हती आणि माझा मंदपणाही नव्हता. खिशात किती पैसे आहेत यावर दिवसाच्या चुका ठरत होत्या. माझ्याजवळ मामांची वही होती म्हणून मी टिकलो. ज्यांच्याजवळ तीही नव्हती अशी किती मुले बॅग भरून परत गेली असतील, कोण जाणे.

आज माझ्या कामाच्या जागी कर्नेल काही मिनिटांत बांधून होते. पण वाट पाहणे संपलेले नाही. मोबाइलच्या अँड्रॉइडचा सगळा पाया बांधायचा तर साध्या घरगुती यंत्राला अजूनही तासन्‌तास लागतात. वेगवान यंत्रे आली की प्रोग्रॅमही मोठे होतात, आणि ज्याचे यंत्र जुने तो पुन्हा मागच्या बाकावर.

मामा आता नाहीत. भालकीच्या त्या मुलाला मी दोन गोष्टी दिल्या. माझ्या घरच्या वेगवान संगणकावर त्याचे खाते उघडून दिले. रात्री तो यंत्र मला लागत नाही, तेव्हा तो गावाहून त्यावर कंपाइल करतो. आणि तीन रकाने आखलेली एक वही दिली. काल सकाळी पाहिले तर त्याने रात्रीत सहा वेळा कंपाइल केले होते. पाच वेळा चुकले होते. मामी सकाळी पूजा आटोपून माझ्या खोलीत डोकावल्या आणि त्याच्याबद्दलच विचारले, "आतेनू?"

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी एखादा जुना संगणक दर वेळी चुकीची तारीख दाखवतो म्हणून पडून असेल, तर तो भंगारात घालू नका. बॅटरी बदला आणि गल्लीतल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. मंद असला तरी चालेल. शून्य चुकांपेक्षा दिवसाला दोन बऱ्या.