निबंधांचें वजन

आमच्या कासुर्डीच्या बाजूस ऊंस हें घरोघरचें पीक. काट्यावर भरतें तें उंसाचें वजन, आणि साखर किती निघेल हें ठरतें उताऱ्यावरून, हा भेद येथें कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. पाण्यावर फुगलेला ऊंस काट्यावर जड आणि उताऱ्यास हलका, हें शाळेची पायरी न चढलेला म्हाताराही जाणतो. विद्वानांच्या समितींत मात्र हें साधें ज्ञान आतां उरलें नाहीं. संशोधकाचे निबंध किती, त्यांचा इतरांनीं निर्देश किती वेळां केला, आणि ते ज्या नियतकालिकांत छापले त्यांचा ‘प्रभावांक’ काय, एवढे आंकडे पुढें ठेवले कीं निवड झाली! निबंधांत लिहिलें काय आहे, हा प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो.

हे आंकडे कोणी दुष्ट हेतूनें काढले असें नव्हे. एखाद्या जुन्या निबंधाची चर्चा पुढें कोणकोणत्या लेखकांनीं केली हें शोधतां यावें, म्हणून यूजीन गारफील्ड ह्या अमेरिकन गृहस्थानें १९५५ सालीं निर्देशांच्या सूचीची कल्पना मांडली. ग्रंथपालांस ती सोयीची होती. पुढें त्याच सूचीवरून नियतकालिकांचा प्रभावांक काढूं लागले. मागील दोन वर्षांतील लेखांचा चालू वर्षीं सरासरी किती वेळां निर्देश झाला, एवढाच त्याचा अर्थ. नियतकालिकासाठीं बेतलेलें माप माणसाच्या अंगावर चढविलें, येथें अनर्थास आरंभ झाला.

पुण्यांत १९१७ सालीं जन्मलेल्या कमल रणदिवे ह्यांचें उदाहरण घेऊं. फर्ग्युसन महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचें आणि पुण्याच्या कृषिमहाविद्यालयांत पेशीविषयक अनुवंशशास्त्राचें शिक्षण घेऊन त्या मुंबईस गेल्या, डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स येथें जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत शरीराबाहेर पेशी जगविण्याची विद्या शिकून त्या परत आल्या, आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे निबंध दोनशेंहून अधिक आहेत. तेव्हां काट्यावरही त्या उण्या पडत नाहींत. पण काट्याला काय दिसत नाहीं तें पाहा.

कुष्ठरोग्याच्या गाठींतून घेतलेला एक जंतु मानवी गर्भाच्या मज्जापेशींच्या आधारानें प्रयोगशाळेंत वाढविल्याचा निबंध बापट, रणदिवे व खानोलकर ह्यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केला, तोही परदेशीं नव्हे, आपल्याच देशांतील नियतकालिकांत. हा जंतु प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा नसून दुसऱ्याच एका कुळांतला, असें पुढें ठरलें. दोन वर्षांच्या हिशेबानें १९६० सालीं कोणी ह्या कामाचें मोल करूं बसता तर तें काय भरलें असतें? पण त्याच जंतूपासून पुढें मुंबईंतच कुष्ठरोगाची लस तयार झाली. आणि दक्षिण भारतांतील तुलनात्मक चांचणीचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां त्या लसीनें सुमारें ६५ टक्के संरक्षण दिल्याचें दिसलें. मध्यें चाळीस वर्षें गेलीं! शिवाय रणदिवेबाईंनीं १९७३ सालीं स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यांत पुढाकार घेतला, अकोले तालुक्यांतील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, शिष्य तयार केले. ह्यांतील कोणती रक्कम कोणत्या रकान्यांत मांडणार?

उलट लौरी व त्याच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध घ्या. प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची ती एक रीत. तिचा निर्देश तीन लाखांहून अधिक वेळां झाला आहे. रीत उत्तमच. पण म्हणून विसाव्या शतकांतील सर्वांत थोर शोध तोच, असें खुद्द निर्देश करणारेही म्हणणार नाहींत. तराजू रोज हातीं लागतो, म्हणून तो धान्याहून श्रेष्ठ होत नाहीं.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी हलका लेखीत नाहीं. ते म्हणतात, ‘आंकडे गेले कीं वशिला आला. ज्याचा मामा समितींत नाहीं अशा खेड्यांतल्या मुलास हे आंकडेच तारतात.’ आपल्याकडील निवडी मीं पाहिल्या आहेत. ही भीति पोकळ नाहीं. पण आंकडा वशिल्यास अडवील केव्हां? तो विकत मिळत नसेल तेव्हां! विद्यापीठ अनुदान मंडळानें २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या निबंधांस गुण लावले, आणि पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचें पेंव फुटलें. पुणें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २०१८ सालीं मंडळाच्या मान्य यादींतील, विद्यापीठांच्याच शिफारशीनें आलेलीं १,००९ नियतकालिकें तपासलीं. पात्र ठरलीं अवघीं ११२. म्हणजे खेड्यांतल्या मुलानें मामाच्या जागीं आतां दलाल शोधावयाचा, एवढाच फरक. आणि दलालाची फी बहुधा बापाच्या उंसाच्या बिलांतून जाते.

ह्या मापाविरुद्ध बंड केलें तेंही पेशीशास्त्रज्ञांनींच. अमेरिकन पेशीशास्त्र-संस्थेच्या सॅन फ्रान्सिस्को येथील अधिवेशनांत डिसेंबर २०१२ मध्यें कांहीं संपादक व संशोधक जमले आणि त्यांनीं जाहीरनामा सिद्ध केला, कीं प्रभावांकावरून व्यक्तीची नेमणूक, बढती वा अनुदान ठरवूं नये. कामाची पारख कामावरून करावी. जगांतील हजारों संस्थांनीं व व्यक्तींनीं त्यावर सह्या केल्या आहेत. सही करणें सोपें, वाचणें कष्टाचें!

तेव्हां माझी मागणी लहान आहे. उमेदवारानें आपले उत्तम असे तीनच निबंध द्यावे, कोठें छापले तें झांकून द्यावे. समितींतील प्रत्येक सभासदानें ते वाचून, पटलें काय व न पटलें काय, हें अर्ध्या पानांत सहीनिशीं लिहावें, आणि तें पान उमेदवारास मागतांच मिळावें. वशिल्यासही अशा सहीची भीति वाटेल. ज्यास अर्धें पान लिहितां येत नाहीं, त्या सभासदास त्या दिवसाचा भत्ता देऊं नये.