गुडघाभर पाणी पुरे

हिवाळ्यातल्या सहलीसाठी कॅरिबियन क्रूझचा विषय निघाला, की मंडळाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आम्हाला पोहता येत नाही हो, आम्ही येऊन काय करणार?" म्हणणारे बहुधा पन्नाशीपुढचे, नाहीतर मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. यात नवल काही नाही. आपल्याकडे पोहणं शिकायचं ते गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, आणि तेही बहुतेक मुलग्यांनी. बायकांच्या आणि शहरात वाढलेल्यांच्या वाट्याला ते फारसं आलं नाही. समुद्र ओलांडायची बंदी मोडून इथवर आलेली मंडळी समुद्रात पाय घालायच्या वेळी मात्र अडतात. आमचं म्हणणं असं, की ही अडचण क्रूझची नाही, जाहिरातीतल्या चित्रांची आहे. त्या चित्रांत सगळे पाण्याखाली असतात. बेटं पाण्यावर असतात, आणि बघण्यासारखं बरंचसं तिथेच आहे.

आधी समुद्राबद्दल. आपली भीती मुंबईच्या आणि कोकणच्या दर्यावर पोसलेली आहे. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी हा फरक अर्धा मीटरही भरत नाही. वारा तिथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे एकाच बेटाचे दोन किनारे दोन स्वभावांचे असतात. बार्बाडोसच्या पूर्वेला बाथशेबापाशी अटलांटिकच्या लाटा खडकांवर आपटतात, तिथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जपावं. वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर तेच पाणी एरवी तळ्यासारखं निवांत असतं. तेव्हा बीच निवडताना 'किती सुंदर?' याआधी 'कुठल्या अंगाला?' हे विचारावं. ग्रँड केमनचा स्टिंगरे सिटीचा वाळूचा बांध याहून सोयीचा. कोळी पूर्वी तिथे मासे साफ करून घाण पाण्यात टाकत, म्हणून स्टिंगरे, म्हणजे आपले पाकट मासे, जमू लागले. आज कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं, की मखमलीसारख्या मऊ पोटाचे ते मासे पायाला घासून जातात. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत सरकवायचा, म्हणजे माशावर पडत नाही. यात पोहण्याचा संबंध कुठे येतो?

"पण जहाजालाच काही झालं तर?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्यापाशी कलंडली आणि ३२ जण गेले. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सर्व प्रवाशांची सुरक्षा कवायत घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. जहाजावरचं लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसाचंही तोंड पाण्याबाहेर राहावं अशा बेताने बनवलेलं असतं, आणि भर समुद्रात हात मारता येण्यापेक्षा ते अंगावर असणं मोलाचं. अमेरिकन बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या जहाजांना २०१० च्या कायद्याने ४२ इंच उंचीचा कठडा सक्तीचा आहे. त्यावर कोणी आपोआप घरंगळून जात नाही. खरं सांगायचं तर न पोहणाऱ्याने जपायची जागा समुद्र नाही, डेकवरचा पूल आहे. अनेक जहाजांवर तिथे जीवरक्षक नसतो, आणि जहाज डुलू लागलं की पूलमधलं पाणीही हेलकावतं. सोबत नातवंडं असतील तर हे दुप्पट लागू.

दुसरा आक्षेप उत्साही मंडळींचा असतो: जॅकेट घालून स्नॉर्कलिंग का नाही करायचं? आमचं उत्तर थोडं अप्रिय आहे. नळीत किंवा मास्कमध्ये घोटभर खारं पाणी शिरलं की पोहणारा ते फुंकून टाकतो, न पोहणारा घाबरतो. हवाईमध्ये समुद्रात बुडून जे पर्यटक दगावतात, त्यांत स्नॉर्कलिंग करणारे सर्वाधिक असतात. प्रवाळ बघायचाच असेल तर काचेच्या तळाची होडी आहे; बार्बाडोसला आणि अरुबाला तर प्रवासी पाणबुडीही आहे, कपडे कोरडे ठेवून खाली नेणारी. "मग पोहायला शिकाच की" हे म्हणणंही रास्त आहे. जरूर शिकावं, मुलांना तर शिकवावंच. पण तोवर सहल अडवून ठेवायचं कारण नाही.

आता जमिनीबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथे. सेंट किट्सला उसाची रेल्वे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतातला ऊस बासेटेरच्या कारखान्यात आणायला हे अरुंद रूळ टाकले. २००५ साली तिथला साखरधंदा बंद झाला, गाडी मात्र पर्यटकांना घेऊन फिरते. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ओसाड उसाचे मळे बघत केलेला हा प्रवास नुसता मौजेचा राहत नाही. सेंट लुसियाला सूफ्रियेरजवळ गंधकाच्या उकळत्या कुंडांपर्यंत मोटार जाते, वासावरूनच जागा कळते. आणि ग्रेनाडा! ज्याच्यावाचून श्रीखंड आणि पुरण अडतं ते जायफळ या देशाच्या झेंड्यावर आहे. पिवळं फळ उकललं की आत काळपट तपकिरी बी, आणि तिला वेढून लालभडक जाळी, तीच जायपत्री. २००४ च्या आयव्हन वादळाने इथली बहुतेक झाडं आडवी केली. जायफळाच्या झाडाला पुरतं फळायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे तो घाव लवकर भरला नाही. याच बेटावर १८५७ पासून, ऊसमळ्यांत राबायला, हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले गेले. त्यांनी तीन-तीन महिने जहाजात काढले, आणि त्यांना पोहता येतं का हे कोणी विचारलं नव्हतं.

क्रूझसाठी नाव नोंदवताना 'पोहता येत नाही' हे अर्जात न लाजता लिहा. कोणत्या बंदरावर जेट्टी आहे आणि कुठे लहान होडीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं, हेही आधीच विचारून घ्या. ग्रँड केमनला अशीच होडी घ्यावी लागते, आणि तिथे गुडघे दुखणाऱ्यांना न पोहणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास होतो.