कापडाचं देऊळ

हल्ली वीकएंडच्या वर्कशॉपच्या जाहिरातींमधला एक शब्द मला फार खटकतो. 'स्ट्रेसबस्टर'. दोन तास कापडावर रंग लावा, कॉफी प्या आणि सोमवारी टवटवीत चेहऱ्याने हापिसात हजर व्हा! छंद म्हणून ठीक आहे हो. पण हाताने कापड रंगवण्यात याहून बरंच काही आहे, असं माझं ठाम मत आहे. पुरावा हवा असेल तर अहमदाबादची 'माता नी पछेडी' बघा.

पछेडी म्हणजे देवीच्या मागे लावायचं कापड. वाघरी समाजाला (आता देवीपूजक म्हणतात) देवळात येऊ देत नसत. मग त्यांनी काय केलं? कापडावरच देऊळ काढलं! मधोमध देवी, भोवती कमानी, भक्त, प्राणी.. बहुचरा कोंबड्यावर, खोडियार मगरीवर, मेलडी बोकडावर. कापड टांगलं की झाला गाभारा. कुणाची विनवणी नाही, परवानगी नाही. चितारा घराण्यांनी ही कला पिढ्यानपिढ्या जपली. त्यातल्या भानुभाई चितारांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या कलेने माणसांना ताठ उभं केलं, तिला 'रिलॅक्सिंग' म्हणायचं म्हणजे कमालच!

माझ्यातल्या इंजिनियरला मात्र भुरळ पडली ती प्रक्रियेची. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवायचा, तो झाला काळा रंग. बांबूच्या काडीने रेष ओढताना फिकाच दिसतो, पण कापडातल्या हिरड्याशी गाठ पडली की काळाकुट्ट. लालची गंमत याहून भारी. जिथे लाल हवा तिथे चिंचोक्याच्या खळीत कालवलेली तुरटी लावायची, कापड वाहत्या पाण्यात धुवायचं आणि मग अलिझरीन घालून उकळायचं. लाल उमटतो तो या उकळीत. म्हणजे रंगवताना खरा लाल दिसतच नाही, नुसता भरवसा ठेवायचा! आणि अनडू? विसरा :-)

बाबा गेले त्या वर्षी मी हे शिकत होतो. 'स्वतःला बिझी ठेव', जो तो सांगायचा. बिझी होतोच की, एकही रिलीज चुकला नाही. पण कामात बाबांना कुठे जागाच नव्हती. कापडावर ती मिळाली. देवी काढायला हात धजेना, ते ज्यांचं आहे त्यांचंच राहू दे. मी कमानीखाली बाबांची सायकल काढली. चाकाच्या आऱ्या ओढताना पहिल्यांदा मोकळेपणी रडलो. शाईचा एक थेंब भलतीकडे पडला, त्याचं मी पाखरू केलं. दुःख कमी झालं का? छे. पण ते कुठे ठेवायचं हे कळलं, आणि त्यानंतर बाबांचं कपाट आवरायला घ्यायचं बळ आलं. सहा महिने कुलूप होतं त्याला.

बाकी, घरात कुणी गेलेल्या मित्राला 'रंगांनी मूड फ्रेश होईल' असं कृपा करून सांगू नका. त्याला काडी द्या, कापड द्या आणि गप्प शेजारी बसा.

ती सायकल आता हॉलच्या भिंतीवर आहे. घंटी काढायची राहिली, म्हणून आई अजून ऐकवते.