काकांचा फोन नको, तुमचा मेल हवा

पहिली नोकरी (साप्ताहिक सदर)

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत मुलाखतीनंतरचा पाठपुरावा नवा नाही; फक्त तो उमेदवार स्वतः करत नसे. 'कळवतो' एवढं ऐकून मुलगा घरी यायचा आणि त्याच कंपनीत असलेले शेजारचे काका 'साहेबांच्या कानावर घालतो' म्हणायचे. आजही मुलाखत झाली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : 'आत कोणी ओळखीचं आहे का?' माझं म्हणणं असं, की काकांना तसदी न देता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्हीच मेल लिहा. काका फार तर मुलगा चांगल्या घरचा आहे एवढं सांगतील. काम येतं की नाही, ते तुम्हालाच सांगावं लागेल.

म्हणून नुसत्या 'थँक यू सर'ने फारसं साधत नाही. मुलाखतीत जे अर्धवट राहिलं, ते मेलमध्ये पूर्ण करा. समजा, क्वालिटी विभागासाठी विचारलं, की एकाच मशिनवर रिजेक्शन वाढलं तर आधी काय बघाल, आणि तुम्ही गडबडलात. मग आभाराच्या एका ओळीनंतर लिहा : 'काल रिजेक्शनच्या प्रश्नाचं माझं उत्तर अपुरं राहिलं. मी आधी मोजमापाचं साधन बरोबर दाखवतंय का ते तपासेन, मग टूलची झीज, मग कच्च्या मालाचा लॉट.' असा मेल एचआरवाले विभागप्रमुखाकडे फॉरवर्ड करू शकतात. कोरे आभार कोणी पुढे पाठवत नाही.

मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं, त्यालाच रिप्लाय करा. पद, तारीख, बायोडेटा एका जागी सापडतं. मुलाखत मॅडमनी घेतली असेल, तर 'रिस्पेक्टेड सर' लिहू नका. इंग्रजी साधी असली तरी चालते. नेटवरून उचललेली भारदस्त वाक्यं मात्र लगेच ओळखू येतात. पगाराचा विषय इथे काढू नका. सांगितलेली तारीख उलटली, तर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्या, एकदाच विचारा आणि दुसरीकडचे अर्ज चालू ठेवा. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर 'सर, काय झालं?' तर नकोच.

ओझरचं एचएएल, नाशिकरोडची नोट प्रेस इथला मामला वेगळा. तिथली नियमित भरती बहुतेक जाहिरात, परीक्षा आणि संकेतस्थळावरच्या यादीने होते. अशा जाहिरातींत शिफारस आणणारा अपात्र ठरेल, असंही सहसा छापलेलं असतं. तिथे मेल फक्त अर्जातल्या चुकीसाठी, दिलेल्या पत्त्यावर.

आता कंपन्यांविषयी. सिन्नर-दिंडोरीहून रजा टाकून, एसटीने आलेल्या मुलाला नकाराची एक ओळसुद्धा मिळत नाही. मग तो पुढची संधी सोडून तिकडेच डोळे लावून बसतो. छापील मजकूर पाठवलात तरी चालेल. पण 'कळवतो' म्हणालात, तर कळवा.