पाण्याचा हिशेब आणि पाण्याची मालकी

माणसाचा निसर्गावर आणि निसर्गाचा माणसावर परिणाम होतो, हे आता शाळकरी मुलेही पाठ म्हणून दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निकालानंतर पर्यावरणाचा विषय शिक्षणक्रमात आला आणि पुढे पदवीच्या विद्यार्थ्यांना तो सक्तीचा झाला. हे स्वागतार्हच होते. परंतु ओझोनच्या थराविषयी चार वाक्ये लिहून उत्तीर्ण होणाऱ्या खानदेशातील विद्यार्थ्याला आपल्या गावातील विहिरी कोणत्या महिन्यात आटतात, आणि त्या आटल्या म्हणजे प्रथम कोणाचे पीक वाळते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. निसर्ग आणि माणूस यांच्या मध्ये मालकी नावाची एक गोष्ट उभी असते. तिचा विचार वगळून केलेला पर्यावरणाचा अभ्यास अर्धाच राहतो.

धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीर आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ख्यातनाम. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आल्यावर त्या धंद्याला उतरती कळा लागली आणि गावाच्या पोटापाण्याचा भार शेतीवर अधिकच पडला. ही शेती अवर्षणप्रवण पट्ट्यातील. जिल्ह्याच्या या भागात पाऊस साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. खाली काळा कठीण खडक. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. त्यातच धुळे-नंदुरबारच्या प्रदेशात लाव्हारस भेगांत गोठून तयार झालेल्या उभ्या खडकांच्या शेकडो भिंती पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. भूगर्भातील पाण्याला त्या कोठे अडवतात, तर कोठे वाट करून देतात. त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला पाणी आणि शेजारच्या विहिरीत ठणठणाट, असे घडू शकते. हा निसर्गाने केलेला विषम वाटा होय. समाजाने तो सावरायचा की अधिक विषम करायचा, हा प्रश्न मात्र माणसांचा आहे.

खानदेशाने या प्रश्नाला एके काळी जे उत्तर दिले, ते अभ्यासण्याजोगे आहे. पांझरा, कान, बुराई, मोसम, गिरणा या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी बंधारे बांधले गेले आणि त्यांवर फड पद्धत उभी राहिली. बंधाऱ्याखालचे भिजणारे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले असे. एका फडात एकच पीक. ते कोणते, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पिकांची फेरपालट ठरलेली. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार देखरेख ठेवी, आणि त्यांचा मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपाने दिला जाई. यातील मर्माची गोष्ट ही की शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाऊस कमी झाला म्हणजे एखादा फड पडीक ठेवला जाई, आणि त्याची झळ एकट्या-दुकट्याला न बसता सर्वांच्या वाट्याला थोडीथोडी येई. टंचाई वाटून घेण्याची अशी चोख व्यवस्था पुष्कळ आधुनिक प्रकल्पांनाही साधलेली नाही.

फड पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. ज्याला फडात जमीनच नव्हती, त्याला पाण्याचा वाटाही नव्हता. शेतमजूर आणि गावकुसाबाहेरचे लोक या समतेच्या बाहेरच राहिले. तरीही पाण्याचा वापर हा सामुदायिक निर्णयाचा विषय आहे, हे तत्त्व तीत होते. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, खालचे प्रवाह आटले, आणि बहुतेक ठिकाणी ही पद्धत मोडकळीस आली. तिची जागा घेतली ती प्रथम विहिरीवरील विजेच्या पंपाने आणि मग कूपनलिकेने. येथे पाण्याविषयीचा निर्णय समूहाच्या हातून निसटला.

कायदाही याच दिशेचा होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी उपसण्याचा अधिकार मानला. वस्तुतः पाणी सात-बाराच्या सीमा पाळत नाही. एकाने दोनशे फूट खोल उपसा केला की दुसऱ्याची चाळीस फुटांची विहीर कोरडी पडू शकते. दुसरा कर्ज काढून तीनशे फूट जातो, आणि तिसऱ्याची तेवढी ऐपत नसते. पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक वीजआकारणी असली म्हणजे जास्तीच्या उपशाला जास्तीचा खर्च येत नाही. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. संकटातील शेतकऱ्याला साहाय्य हवेच. परंतु ज्याच्याकडे पंपच नाही, त्याला या साहाय्यातून काय मिळते? आणि ज्याच्याकडे तीन पंप आहेत, त्याला किती मिळते? जळगाव जिल्ह्यातील केळीचे यावल-रावेर तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारदप्तरी नोंदले गेले, हा इशारा शेजारीच आहे. आणि तेथे तर तापीचा खोल गाळ होता. सोनगीरच्या खडकाची तेवढीही ऐपत नाही.

मग नव्या विहिरींना बंदी घालावी काय? हा उपाय वरवर सोपा वाटतो, पण तो अन्यायाचा आहे. बंदीने ज्यांनी आधी विहिरी खोदल्या त्यांचा हक्क पक्का होतो आणि मागून येणारा लहान शेतकरी कायमचा कोरडवाहू राहतो. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाभोवती ५०० मीटरपर्यंत विहिरींवर निर्बंध आणले. २००९ चा भूजल कायदा २०१४ साली अमलात आला. त्यात अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोट समित्या आणि पीक-आराखडा यांची तरतूद आहे. तरतुदी आहेत, त्यांच्या मागे जागृत ग्रामसभा नाही.

योग्य दिशा महाराष्ट्रातच दाखवली गेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिला; माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकरांचे; भूमिहीनालाही हक्क; आणि उसाला मनाई. फडातील सामुदायिक शिस्त येथे होती, आणि फडात नसलेला भूमिहीनाचा वाटाही होता. हा प्रयोग राज्यभर पसरला नाही, कारण पाणी जमिनीच्या मालकीपासून सोडवणे बागायतदारांच्या हितसंबंधांना मानवणारे नव्हते.

माणूस आणि परिसर यांच्या परस्परसंबंधाचा विचार समाजशास्त्रात आणण्याचे श्रेय भारतात ज्यांना जाते, ते राधाकमल मुखर्जी अर्थशास्त्राचेही प्राध्यापक होते. ‘रिजनल सोशिऑलॉजी’ हा त्यांचा ग्रंथ १९२६ चा. विद्वानांनी केलेली सुरुवात पुढे नेण्याचे काम आता गावांनी करायचे आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याची गरज नाही. दरवर्षी पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी, कार्यकर्त्यांनी शिवारातील विहिरींची पातळी दोरीने मोजावी. गावात किती पाऊस पडला, कोणाकडे किती पंप आहेत, कोणते पीक किती एकरांत आहे, कोणाकडे विहीरच नाही, पाण्यासाठी बायांना किती चालावे लागते, मेंढपाळांची जनावरे कोठे पाणी पितात, याची नोंद करावी. महाविद्यालयातील पर्यावरणाच्या प्रकल्पाचे गुण याच कामाला मिळावेत, अशी मागणी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे करावी. आणि ही सारी नोंद फायलीत न ठेवता ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.

हे वाचन सुखाचे होणार नाही. आकडे वाचले गेले की त्यांच्या मागची नावेही पुढे येतील आणि काही चेहरे उतरतील. त्यांत आपल्याच बाजूचे काही पंपधारकही असतील. तरीही ते टाळता येणार नाही. पाणी किती आहे, हे एकदा सर्वांसमक्ष ठरले, म्हणजे ते कोणाचे, हा प्रश्न ग्रामसभेला फार काळ पुढे ढकलता येत नाही. समाजवादी कार्यकर्त्याचे काम त्या प्रश्नापाशी गाव आणून उभे करण्याचे आहे.