कडबा पचवतो कोण?



कोरडवाहू शेतकऱ्याचे भांडवल बँकेत नसते, गोठ्यात असते. पेरणीच्या तोंडावर बैल बसला तर वाफसा त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून बैलाच्या पोटात काय चालते, हे डॉक्टरांइतकेच आपल्यालाही कळले पाहिजे.

ज्वारीचा कडबा बैल खातो, पचवतात दुसरेच. कडब्यातले चिवट तंतू फोडणारा रस बैलाच्या अंगात तयार होत नाही. ते काम मुख्यतः त्याच्या पहिल्या मोठ्या पोटातले, म्हणजे कोटीपोटातले, जिवाणू करतात. तिथल्या एका मिलिलिटर रसात जिवाणूंची संख्या १,००० कोटींच्या घरात असते. ते कडबा आंबवतात, त्यातून बैलाला ताकद मिळते. पुढे आतड्यात ते स्वतःच पचतात. बैलाला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिने या जिवाणूंच्या अंगची असतात.

या जिवाणूंनाही खाणारे आहेत. १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये देरेल यांनी जिवाणूभक्षी विषाणू शोधले. हे विषाणू बैलाला रोग करत नाहीत. त्यांचे भक्ष्य फक्त जिवाणू, तेही ठरलेल्या जातीचे. विषाणू जिवाणूत शिरतो, आत आपली पिलावळ वाढवतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. कोटीपोटाच्या एका मिलिलिटर रसात असे एक कोटीपासून १,००० कोटींपर्यंत विषाणू सापडतात.

यात बैलाचा फायदा कोणता? जी जात माजते तिचेच शिकारी वाढतात. त्यामुळे एकीचेच राज्य होत नाही आणि नाना प्रकारचा चारा पचवणाऱ्या नाना जाती टिकतात. तोटाही आहे. फुटलेल्या जिवाणूंची प्रथिने कोटीपोटातच इतर जिवाणू खातात, आणि बैलाच्या वाट्याला तेवढी कमी येतात.

खरा धोका पुढे आहे. काही विषाणू जिवाणूला लगेच मारत नाहीत, त्याच्या पोटात झोपून राहतात. प्रतिजैविक औषधाचा मारा झाला की ते जागे होऊ शकतात. २०११ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी खाद्यातून प्रतिजैविके दिलेल्या डुकरांच्या विष्ठेत हे जागे झालेले विषाणू पाहिले. बाहेर पडताना विषाणू कधी कधी एका जिवाणूचे गुण दुसऱ्यात नेऊन सोडतो. त्यात औषधाला दाद न देण्याचा गुणही असू शकतो.

कापूसवाल्यांना हे नवे नाही. पायरेथ्रॉइडच्या फवारणीवर फवारणी झाली, अळीबरोबर मित्रकीटकही मेले आणि पांढरी माशी उसळली. एक मारायला गेलो, दहांचा तोल बिघडला. गोठ्यात तीच चूक करायची का?

तेव्हा चार गोष्टी पाळा. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय तोंडाने प्रतिजैविक देऊ नका; रोगाचे जंतू मरोत न मरोत, कडबा पचवणारे नक्की मरतात. डॉक्टरांनी सांगितलेला डोस अर्धवट सोडू नका. कडब्यावरून हिरव्या चाऱ्यावर किंवा ढेपेवर जनावर एकदम नेऊ नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वळवा. ज्वारीच्या दाण्याच्या पोत्याशी बैल मोकळा सोडू नका. एका रात्रीत पोटात आम्ल माजते आणि जनावर दगावते.

शेतकऱ्याला उपदेश करून भागत नाही. दवाखाना लांब आणि डॉक्टर जागेवर नसेल, तर माणूस दुकानातून मिळेल ती गोळी आणणारच. त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. आमची मागणी सरळ आहे : पेरणीच्या हंगामात तरी पशुवैद्यक गावापर्यंत पोचला पाहिजे. आणि कृषी व पशुविज्ञान विद्यापीठांनी आमच्या कडब्यावर, आमच्या सरकीच्या ढेपेवर जगणाऱ्या बैलाचे पोट तपासले पाहिजे. परदेशी गाईच्या मक्यावरचे आकडे आम्हाला पुरत नाहीत. जिल्हा बैठकीत हे दोन ठराव मांडा आणि मंजूर करून घ्या.