माजघरातली रात्रपाळी

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याचे दोन आकडे डोळ्यांत भरण्यासारखे होते. दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली होती आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. यावरून आपण मुलींना फार जपतो अशी समजूत कोणी करून घेऊ नये. पुरुष मुंबईत होते, एवढाच त्याचा अर्थ. गिरणी, गोदी, पोलीस, पोस्ट, बँक. जिथे म्हणून हजेरीपट होता तिथे कोकणी माणसाने नाव घातले आणि गावी मनीऑर्डर पाठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्याची झळ लालबाग-परळाइतकीच लांजा-संगमेश्वरातल्या चुलींनाही लागली. काम तिकडे आणि घर इकडे, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली की तिला दुसरा काही पर्याय असेल हे मनातही येईनासे झाले. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तिने जाणे सोपे केले; राहणे सोपे केले असे म्हणवत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चाकरमानी गणपतीची वाट न पाहता गावी आला, तोही पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन. पुढे बहुतेक परत गेले, थोडे राहिले. त्या राहिलेल्यांत ‘नेटवर्क ऑपरेशन्स’ नावाच्या खात्यात काम करणारी काही मुलेमुली आहेत. त्यांची नोकरी नेमकी कसली, हे शेजाऱ्यांना सोडाच, पुष्कळदा त्यांच्या आईवडिलांनाही सांगता येत नाही.

मला ते समजावून घेताना माझा जुना धंदा उपयोगी पडला. बँकांच्या शाखा एका मध्यवर्ती संगणकाला जोडल्या गेल्या तेव्हापासून काउंटरच्या काचेवर एक कागद वारंवार चिकटू लागला: ‘लिंक नाही’. एसटीने दहा मैलांवरून आलेली बाई पासबुक हातात धरून तो कागद वाचायची आणि बाकावर बसून राहायची. तिचे पैसे होते, आम्ही होतो, रोकडही तिजोरीत होती. पण लिंक नव्हती. दोन तासांनी ती आपोआप यायची, निदान आम्हाला तसे वाटायचे. प्रत्यक्षात कुठल्याशा शहरातल्या थंडगार खोलीत कोणीतरी पडद्यावर आमच्या शाखेचा हिरवा ठिपका लाल झालेला पाहिलेला असे. मग तो दुरून यंत्राला हाक देऊन पाहतो, तक्रारीचा क्रमांक उघडतो, दोष यंत्रात आहे, तारेत आहे की विजेत आहे ते ठरवतो. काचतंतूची केबल तुटली असेल तर एका टोकाने प्रकाशाचा ठोका सोडून, तो किती वेळात परतला यावरून किती किलोमीटरवर तुटली हेही काढता येते. त्यानंतर माणूस पाठवला जातो. या सगळ्याला किती मिनिटे लागावीत हे करारात लिहिलेले असते, आणि ती मिनिटे टळली तर कंपनीला दंड बसतो.

ही थंडगार खोली आता रत्नागिरीजवळच्या एखाद्या वाडीतल्या माजघरातही असू शकते. पूर्वी नियमच आडवे येत. दूरसंचार खात्याच्या अटींप्रमाणे अशा कंपन्यांना कर्मचाऱ्याच्या घरून काम करून घ्यायचे तर करार आणि मोठी अनामत रक्कम लागे. मार्च २०२० मध्ये त्या अटी शिथिल झाल्या, नोव्हेंबर २०२० मध्ये नवीन मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बराचसा जाच गेला. तेव्हा हे काम कोकणात आले ते आपल्या कोणा पुढाऱ्याच्या प्रयत्नाने नव्हे. एका साथीने आणि खात्याच्या दोन-चार परिपत्रकांनी ते आणून सोडले. पाहुणा असा आला असेल तर तो किती दिवस राहणार, हे विचारणे भाग आहे.

आधी घरात काय घडते ते पाहू. ग्राहक अमेरिकेतला असला तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. घर दिवेलागणीला येते तेव्हा याचा दिवस उगवतो. पहाटे पाळी दुसऱ्याच्या हवाली करून तो झोपतो, आणि तेवढ्यात अंगणात नारळ उतरवणारा हाक मारतो. आमच्या आळीतल्या अशा एका मुलाला त्याची आजी रोज अकरा वाजता विचारते, “बाबू, आज पण सुट्टी काय रे?” शेजारच्या काकांनी तर त्याची नोकरी सुटली असे धरून त्याच्यासाठी पतपेढीत शब्द टाकला होता. हसण्यावारी नेण्याजोग्या गोष्टी आहेत, हे खरे. पण लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा घरीच असतो’ हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा कोणी हसत नाही. आणि या कामावर मुलगी किंवा सून असेल तर रात्रभर पडद्यासमोर बसूनही सकाळचा चहा तिच्याच हातचा लागतो. घरी आहे म्हणजे मोकळी आहे, हा हिशेब घरातल्या बायकाही करतात.

मला, जुना बँकवाला म्हणून, दुसराच हिशेब दिसतो. शाखेसाठी बँक जागेचे भाडे देई, पंखा, दिवा, खुर्ची, रखवालदार देई. इथे जागा घरची, वीज घरची, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी घरची. एक लाइन गेली तर दुसरी हवी म्हणून दोन कंपन्यांचे इंटरनेट घेतलेले असते. आणि दोन्हींच्या तारा बऱ्याचदा एकाच रस्त्याच्या कडेने आलेल्या असतात, तेव्हा महामार्गाच्या कामावरच्या जेसीबीचा एक फटका दोघींना पुरतो. काही कंपन्या महिन्याला इंटरनेटचा भत्ता देतात. पण माजघराचे भाडे, आजीने दाबून धरलेला खोकला आणि बंद ठेवलेला टीव्ही कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

आणि पाऊस आहेच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आले. दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत त्यानंतर काही आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मेमध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा फोनसुद्धा मुके झाले. जगाच्या लिंका सांभाळणारा माणूस अशा दिवशी स्वतःच लाल ठिपका होतो. त्याला हिरवा करतो तो केबलवाल्याकडचा पोरगा, भर पावसात फणसाच्या झाडाला शिडी लावून; आणि महावितरणचा वायरमन. घरून काम करणे ज्यांना कधीच शक्य नाही अशांच्या जिवावर घरून काम चालते. पगारातला फरक पाहिला तर हे कोणाच्या लक्षात आले आहे असे वाटत नाही.

हे केवळ कोकणातच घडते असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे स्वतःचेच जाळे तुटले होते, आणि ते दुरून दुरुस्त करण्याची साधनेही त्याच जाळ्यावर होती. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती दुरुस्तीही बव्हंशी एकेका यंत्राला हात लावूनच करावी लागली. म्हणून ‘कुठूनही काम’ हा शब्दप्रयोग थोडा जपून वापरावा. यंत्र कुठेतरी असतेच, आणि तिथे कोणीतरी लागतोच.

मला सर्वांत खुपते ते वेळेचे. आमच्या काळी रोजकीर्द जुळली की दिवस संपे. कधी साडेपाचला जुळे, कधी एका रुपयासाठी रात्रीचे नऊ वाजत. पण जुळली की पेन खिशाला लावून आम्ही घरी जायला मोकळे. जाळ्याची रोजकीर्द कधी जुळत नाही. पाळी संपते, काम दुसऱ्याच्या हाती जाते, आणि तरी मोठा बिघाड झाला की ‘जरा लॉगिन कर’ असा फोन येतोच, कारण लॉगिन करायला उठून कुठे जायचे नसते. कचेरी आणि घर यांच्यामध्ये पूर्वी लोकल होती. तिला शिव्या घातल्या तरी तिने दोन्हींमध्ये अंतर राखले होते.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा करून मालकाने कामाच्या वेळेबाहेर संपर्क टाळावा आणि घरून काम केल्याने वाढणारा खर्च द्यावा असे ठरवले. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी याच हक्काचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयके सहसा मांडण्यापलीकडे जात नाहीत. केंद्राने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा जो मसुदा काढला, त्यात घरून कामाला जागा होती ती एवढीच, की अटींना धरून मालक तशी परवानगी देऊ शकेल. देऊ शकेल, म्हणजे काढूनही घेऊ शकेल. टीसीएससारख्या कंपनीने २०२३ मध्ये बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले, तेव्हा तो अर्थ सर्वांना कळला. शिवाय लाल-हिरवे ठिपके पाहण्याचे पहिल्या पायरीचे काम आता अधिकाधिक प्रमाणात संगणकच करू लागला आहे, ही गोष्ट वेगळी.

अशा वेळी ही मुले काय करतात? घर बांधतात. वडिलोपार्जित जागा आहे, पगार चांगला आहे, आईवडील थकले आहेत. वरचा मजला चढवू, कामासाठी स्वतंत्र खोली काढू, असा बेत ठरतो आणि वीस वर्षांच्या कर्जासाठी बँकेत अर्ज जातो. यात गैर काही नाही. कोकणात घरे बंद पडताना आयुष्यभर पाहिली, कोणी उघडत असेल तर आनंदच आहे. मात्र माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी आधी नेमणूकपत्र आणायला सांगतो. पगाराचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मी ‘कामाचे ठिकाण’ हा रकाना पाहतो. तिथे बहुधा पुणे, हिंजवडी, ऐरोली असे काहीतरी असते, आणि खाली बारीक अक्षरांत, कंपनीला वाटेल तेव्हा वाटेल तिथे हजर व्हावे लागेल असे कलम. रत्नागिरीचा उल्लेख कुठेच नसतो. तो घालून मागा, निदान किती महिन्यांची पूर्वसूचना मिळेल ते लेखी घ्या, रात्रीच्या जादा तासांचे आणि लाइनच्या खर्चाचेही त्यातच लिहून घ्या, असे मी म्हणतो. एका मुलीने तसे मागितले. सहा महिन्यांच्या पूर्वसूचनेचे एक वाक्य तिला पत्रात मिळाले, खर्चाचे मिळाले नाही. तिच्या भावाने विचारायचेच टाळले, उगाच नजरेत येऊ म्हणून. वरच्या मजल्याचे काम दोघांचे मिळून चालू आहे; पावसाआधी स्लॅब पडायला हवा.